शेऱ्याचा रकाना

गेल्या अंकात नदीच्या पाण्याचा अहवाल कसा वाचायचा याबद्दल मी लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांची पिशवी भरली. एकतीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीचशी कृष्णा-वारणेच्या काठावर. त्यामुळे ही पत्रं वाचताना मला तुमचे घाट डोळ्यांपुढे दिसत होते. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पहिल्या पत्राला मात्र सविस्तर उत्तर देते, कारण त्यात विचारलेलं बाकीच्या निम्म्या पत्रांतही आहे.

प्रश्न : ताई, आमच्या मंडळाने फेब्रुवारीत गावच्या घाटावरून कृष्णेचं पाणी घेतलं. एकाच दिवशी, एकाच पायरीवरून दोन कॅन भरले आणि दोन प्रयोगशाळांना दिले. एकीचा बीओडी ३.८ आला, दुसरीचा ७.४. दोन्ही अहवालांवर सही-शिक्का आहे. ग्रामसभेत एक जण उठून म्हणाला, "हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे, नदीला काही झालेलं नाही." आम्हाला उत्तर देता आलं नाही. खरा आकडा कुठला? दोन्ही अहवालांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. (एक कार्यकर्ता, मिरज तालुका)

झेरॉक्स जोडल्यात हे फार बरं केलंत. मी आकडे शेवटी पाहिले. आधी वरच्या कोपऱ्यातल्या दोन तारखा पाहिल्या : नमुना घेतल्याची आणि नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची. ७.४ वाल्या अहवालात दोन्ही तारखा एकच आहेत. ३.८ वाल्यात एका दिवसाचं अंतर आहे आणि 'नमुन्याची स्थिती' या ओळीत लिहिलंय, 'सामान्य तापमान'. म्हणजे तो कॅन बर्फाशिवाय एक रात्र कुठेतरी पडून होता.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू ओढून घेतात त्याचं माप, लिटरला मिलिग्रॅममध्ये. आपल्याकडे बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात. आधीचा प्राणवायू वजा नंतरचा प्राणवायू, हे त्याचं साधं गणित. पण जिवाणू काही आमच्या कपाटात बाटली ठेवेपर्यंत वाट पाहत नाहीत. तुमच्या कॅनमध्ये रात्रभर त्यांचं जेवण चालूच होतं. मोजायला घेतलं तेव्हा ताटात जे उरलं होतं तेवढंच मोजलं गेलं. म्हणून ३.८ हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त.

मग ७.४ खरा का? तोही काळ्या दगडावरची रेघ समजू नका. बीओडीची चाचणी नीट होते की नाही हे तपासायला प्रयोगशाळेत ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्लाचं ठरलेल्या मापाचं द्रावण वापरतात. दोन्ही लिटरला १५०-१५० मिलिग्रॅम. जगभर मानल्या जाणाऱ्या प्रमाण पद्धतीनुसार त्याचा पाच दिवसांचा बीओडी १९८ यायला हवा, आणि ३०.५ इकडे-तिकडे झाला तरी प्रयोगशाळा पास. म्हणजे मोजमाप काटेकोर, द्रावण हातचं, तरीही शेकडा पंधराचा फरक मान्य. तुमच्या ७.४ ला हाच नियम लावला तर तो साधारण ६.३ ते ८.५ मध्ये कुठेतरी बसतो. ३.८ ला लावला तर ३.२ ते ४.४.

आता ग्रामसभेतल्या त्या गृहस्थांना पुढच्या वेळी हे सांगा. आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची बीओडीची मर्यादा आहे ३. तुमचे दोन्ही कॅन, त्यातला खराब ठेवलेला कॅनसुद्धा, आणि दोन्हीतली शक्य तेवढी चूक नदीच्या बाजूने धरली तरीही, मर्यादेच्या वरच आहेत. दोन अहवालांचं 'किती' यावर भांडण आहे. 'आहे की नाही' यावर दोघांचं एकमत आहे.

हेच जर एकीने २.८ आणि दुसरीने ३.२ दिलं असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. प्राणवायू मोजताना २०३ मिली पाणी घेऊन त्यात ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचं द्रावण सोडायचं, ब्युरेटवर १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम प्राणवायू. स्टार्चचा निळा रंग जाण्याचा क्षण माझ्या डोळ्यांना एक थेंब आधी दिसतो, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला एक थेंब नंतर. असं दोनदा मोजून वजाबाकी करायची. २.८ आणि ३.२ मध्ये फरक आहे असं छातीठोक म्हणणारा केमिस्ट मी तरी पाहिला नाही. पण तक्त्यात २.८ ला हिरवा रंग मिळतो आणि ३.२ ला लाल. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी निघते तीही बीओडीवरूनच : ३ ते ६ पाचवा गट, ६ ते १० चौथा, आणि असं चढत ३० च्या वर पहिला. २०१८ च्या यादीत ३५१ पट्टे होते, त्यात महाराष्ट्राचे ५३, देशात सर्वाधिक. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर आला आणि महाराष्ट्राचा ५५ झाला. ही यादी मला महत्त्वाची वाटते, तिच्यामुळे कामं हलतात. पण एखादा पट्टा काठावरून पाचव्या गटाबाहेर गेला म्हणून नदी सुधारली असं मी मानत नाही. त्यासाठी मला त्या ठिकाणची पाच-सात वर्षांची सगळी मापं एका कागदावर पाहायला लागतात.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९९३ च्या डिसेंबरात मी एका नदीचे नमुने घेऊन परतत होते. जीप घाटात बंद पडली. रात्र तिथेच गेली, पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं, बाटल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचल्या. मी चाचणी केली, बीओडी आला १.९. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नमुना उशिरा, बर्फ वितळलेला, आकडा ग्राह्य धरू नये.' पुढे कार्यालयात वार्षिक तक्ता टाइप झाला. त्यात ठिकाण होतं, महिना होता, आकडा होता. शेऱ्याचा रकाना नव्हता. रुंदीत बसत नव्हता म्हणे. बऱ्याच वर्षांनी एक मुलगी प्रबंधासाठी माझ्याकडे आली. तिच्या वहीत तो १.९ अगदी नीटनेटका लिहिलेला होता आणि खाली तिचं वाक्य : 'हिवाळ्यात पाण्याची गुणवत्ता उत्तम आढळते.' मी तिला सगळं सांगितलं, तिने तो आकडा काढला. पण छापील तक्त्यात तो आजही आहे. आपल्या हातून गेलेल्या चुकीच्या आकड्याला परत बोलावता येत नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करा. बीओडीची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. एकाच जागचे दोन नमुने एकाच प्रयोगशाळेला द्या, पण वेगवेगळ्या नावांनी. ती प्रयोगशाळा स्वतःशी किती सहमत आहे ते आधी कळू दे. आणि पायरीवरचंच पाणी घेऊ नका. नाल्याचं पाणी नदीत शिरलं की लगेच मिसळत नाही, बराच वेळ काठाकाठाने चालतं. सांगलीत शेरीनाल्याखाली काठ आणि मध्य वेगळे निघतात हे आम्ही किती वेळा पाहिलंय. हरिपूरला पहिल्या पावसानंतर संगमावर उभे राहा, वारणेचं पाणी आणि कृष्णेचं पाणी शेजारी शेजारी वाहताना रंगावरून ओळखू येतं. त्या रेषेच्या अलीकडे बाटली बुडवली की पलीकडे, यावर प्रयोगशाळेतली कुठलीही मशीन काही करू शकत नाही.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. प्रकल्पासाठी कऱ्हाडला नदीच्या संथ भागात, जिथे पाणी हिरवट दिसतं तिथे, विरघळलेला प्राणवायू मोजला. सकाळी सहाला ४.१ आला, दुपारी तीनला ९.६. सर म्हणतात काहीतरी चूक झाली, एकच आकडा लिही. कुठला लिहू?

दोन्ही लिही बाळा, आणि दोन्हींपुढे वेळ लिही. तुझी चूक झालेली नाही. तू जे पाहिलंस ते महिन्यातून एकदा दुपारी येणाऱ्या सरकारी गाडीला दिसत नाही.

हिरवट पाणी म्हणजे शेवाळ. उन्हात ते प्राणवायू बनवतं, रात्री सगळेच श्वास घेतात आणि कोणी बनवत नाही. त्यामुळे पहाटे प्राणवायू तळाला जातो आणि दुपारी डोक्यावर. कऱ्हाडच्या उंचीवर २७ अंशांचं पाणी हवेतून लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकतं. तुझा ९.६ त्याच्या वर आहे, म्हणजे तो शेवाळाने आत ढकललेला आहे. तक्त्यात ९.६ पाहून कोणी म्हणेल, वा, काय स्वच्छ पाणी! उलट हा सांडपाण्याच्या खतावर पोसलेल्या पाण्याचा आकडा आहे. मासे पहाटे मरतात आणि नमुना घेणारे अकरा वाजता पोचतात, तेव्हा आकडा पुन्हा ६ झालेला असतो. गावकरी म्हणतात विष टाकलं, कार्यालय म्हणतं आमचा आकडा ठीक आहे, आणि दोघांकडेही सहा वाजताची बाटली नसते. तुझ्याकडे आहे.

जमलं तर एकदा २४ तास दर तीन तासांनी मोज. रात्री मात्र घरच्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच नदीवर जा. आणि काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून प्राणवायू 'बांधून' टाक, घरी येईपर्यंत थांबू नको. तपकिरी पुंजके खाली बसताना दिसतील. जितका गडद तपकिरी, तितका प्राणवायू जास्त.

मी नोकरीत असताना एका मे महिन्यात, एका शहराच्या नाल्याखाली, हीच दोन औषधं घातली आणि बाटलीत पांढरं साकळलं. दुधासारखं पांढरं. प्राणवायू अजिबात नसला की असंच होतं. मी दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. तिसरी, तीही. त्या दिवशी ब्युरेट हातात घ्यायची गरजच नव्हती. एकही थेंब न मोजता कळत होतं की या पाण्यात मासा जगणार नाही. आकड्यांच्या अनिश्चिततेबद्दल मी इतकं लिहिते, पण त्या तीन पांढऱ्या बाटल्यांबद्दल मला कधीच शंका आली नाही.

प्रश्न : प्रयागराजच्या महाकुंभात आधी बातमी आली की पाणी आंघोळीला योग्य नाही, मग आली की योग्य होतं. आता आमच्याकडे सिंहस्थ आहे. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? (एक गृहिणी, पंचवटी, नाशिक)

तुमचा गोंधळ रास्त आहे. केंद्रीय मंडळाने ३ फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात राष्ट्रीय हरित लवादाला सांगितलं की विष्ठेतले जिवाणू, म्हणजे फीकल कॉलिफॉर्म, अनेक वेळा मर्यादेपेक्षा जास्त आढळले. नंतर २८ फेब्रुवारीच्या अहवालात त्यांनी संख्याशास्त्र लावलं. कारण एकाच जागी वेगवेगळ्या दिवशी आणि एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी आकडे फार बदलत होते. मधला आकडा, म्हणजे मध्यक, १४०० निघाला. मर्यादा १०० मिलीला २५००. म्हणून पाणी आंघोळीला योग्य.

दोन्ही अहवाल खोटे असण्याची गरज नाही. मध्यक १४०० याचा अर्थ निम्मी मापं १४०० च्या खाली आणि निम्मी वर. वरच्या निम्म्यातली किती २५०० ओलांडून गेली हे मध्यक सांगत नाही, ते सांगायला तो बनलेलाच नाही. पूर्ण महिनाभराच्या नदीचं वर्णन करायला मध्यक चांगला. पण तुम्ही महिनाभर डुबकी मारत नाही. तुम्ही एका पहाटे, एका घाटावर उतरता. तुमच्यासाठी त्या घाटाची वाईट मापं किती वेळा आली हे महत्त्वाचं. माझ्या मते दुसऱ्या अहवालाने बातम्यांमधून जो दिलासा दिला तो या आकड्याच्या कुवतीपेक्षा जास्त होता.

त्यातही हा जिवाणूंचा आकडा मोजलेला नसतो, तो शक्यतेवरून काढलेला असतो. १० मिली, १ मिली आणि ०.१ मिली अशा तीन मापांच्या पाच-पाच नळ्या लावतात, कितींमध्ये वाढ झाली ते पाहतात आणि तक्त्यातून आकडा उचलतात. म्हणून अहवालांत तुम्हाला २४०, ३५०, ५४०, ९२०, १६०० असेच ठरावीक आकडे पुन्हापुन्हा दिसतील. पाणी विरळ न करता लावलं तर ९२० आणि १६०० च्या मध्ये काही येऊच शकत नाही, सगळा फरक एका नळीचा आहे. आणि २४० आला तर खरा आकडा साधारण ७० ते ७०० मध्ये कुठेही असू शकतो, असं त्याच तक्त्यात लिहिलेलं असतं. ते अहवालात कोणी लिहीत नाही.

याहून मोठी अडचण वेळेची. नळ्या एक-दोन दिवस तापत्या कपाटात, मग खात्रीसाठी आणखी एक दिवस. पर्वणीच्या पहाटे रामकुंडातून घेतलेल्या पाण्याचा निकाल येईल तेव्हा तुम्ही घरी जाऊन कपडे वाळवलेले असतील. म्हणून त्या दिवशीच्या आकड्याची वाट पाहू नका. आत्तापासून, दर आठवड्याला, त्याच घाटांची मापं प्रसिद्ध करा अशी मागणी महापालिकेकडे करा, मध्यकासोबत सगळ्यात वाईट मापही द्या म्हणावं. आणि विचारा की कुठला नाला अजून गोदावरीत उघडा येतो. नाला उघडा असेल तर कॉलिफॉर्मची नळी लावायच्या आधीच उत्तर मिळालेलं आहे. धरणातून पाणी सोडलं की आकडे उतरतील, तेही लक्षात ठेवा. घाण तेवढीच राहते, पाणी वाढतं. हजार क्युसेक पाण्यात बीओडी ६ असेल तर दिवसाला साडेचौदा टनांच्या आसपास भार वाहतो. चार हजार क्युसेक सोडा, तोच भार १.५ दिसेल आणि तक्ता हिरवा होईल. घरातल्या लहान मुलांना आणि आजारी माणसांना डुबकीऐवजी अंगावर स्वच्छ पाणी शिंपडा. श्रद्धा त्याने कमी होत नाही, हे मी माझ्या आईलाही सांगत असे.

प्रश्न : अहवालात शिसे 'बीडीएल' लिहिलंय. म्हणजे शिसे नाही ना? (कोल्हापूर)

'आमच्या यंत्राला दिसलं नाही' एवढाच त्याचा अर्थ. यंत्राला किती बारीक दिसतं ते विचारा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेची दिसण्याची हद्द ०.०५ असेल तर त्या बीडीएलने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. हद्दीचा आकडा अहवालात लिहून द्या असा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या टीडीएस मीटरवर नदीचं पाणी २१० दाखवतं. पिऊ का?

नको. ते मीटर फक्त क्षार दाखवतं. सांडपाणी मिसळलेलं पाणीही २१० दाखवू शकतं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाने नदीची महिन्यातून एकदा तपासणी करायचं ठरवलं आहे. वर्षाला बारा नमुने पुरेसे आहेत का? (निवृत्त शिक्षक, वाळवा तालुका)

सर, सुरुवातीला पुरेसे. पण बारा नमुन्यांना काय दिसत नाही ते मुलांना आधी सांगा. समजा नदी वर्षातले दर दहा दिवसांतून एक दिवस खराब असते. बारा नमुने कुठल्याही दिवशी घेतले तर एकाही नमुन्यात ती खराब न दिसण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे शंभरात अठ्ठावीस. हे गणित मुलांकडूनच करून घ्या, फळ्यावर. वर्षभर सगळं हिरवं आलं तरी नदी चांगली आहे असं ठामपणे म्हणता येत नाही हे त्यांच्या आपोआप ध्यानात येईल.

तारीख आधी जाहीर करू नका, चिठ्ठी काढून ठरवा. तुमच्या भागात गळिताचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, त्या महिन्यांत दर महिन्याला दोन नमुने घ्या. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असतो, एक टँकर रात्री ओढ्यात गेला तर सकाळी दोन तास खूण राहते आणि मग पुढच्या गावाला जाते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाचा नमुना काही झालं तरी चुकवू नका. उन्हाळाभर साचलेलं सगळं तेव्हा नदीत येतं.

वही मुलांनाच आखू द्या. तारीख, वेळ, जागा, काठ की मध्य, पाण्याचं तापमान, पाण्याचा रंग आणि वास, पाणी वाढतंय की उतरतंय, बर्फ होता का, बाटली कोणी भरली. आणि शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. पहिल्या तीन महिन्यांची पानं मला पाठवा, मी त्यांच्यासोबत बसून वाचायला वाळव्याला येईन.